हे महाराष्ट्राचं आहे, इथं चालत नाही

"इदु नडियंगिल्ल री, मॅडम." कॉलेजच्या ऑफिसमधल्या एफडीएनं, म्हणजे क्लार्कनं, पोराचं अपंगत्वाचं सर्टिफिकेट बघितलं, उलटं केलं, परत सरळ केलं आणि माझ्या पुढ्यात सरकवलं. महाराष्ट्राचं आहे म्हणे, इथं चालत नाही, बेळगावच्या सरकारी दवाखान्याचं घेऊन या. माझ्या मागं ॲडमिशनला आलेला तो पोरगा उभा होता, त्याच्या मागं त्याचे बाबा. सकाळची पहिली एस्टी पकडून चंदगड तालुक्यातनं शिनोळीमार्गे आलेले, हातात पिशवी, पिशवीत सगळी कागदं प्लास्टिकच्या कव्हरात घालून आणलेली. बाबांना कन्नड येत नाही, पण त्यांनी काही न विचारता पिशवीची गाठ परत मारायला घेतली.

मी तिथं मराठीची गेस्ट लेक्चरर. कॉलेजचं नाव लिहीत नाही, बेळगावात आहे एवढं पुरे, आणि वाईट कॉलेज आहे असंही नाही. २०२१ ला ॲडमिशनच्या गडबडीत प्रिन्सिपॉल सरांनी बोलवून सांगितलं, ईक्वल ऑपॉर्च्युनिटी सेल, म्हणजे दिव्यांग पोरांच्या सोयी बघायचं काम, आता तुमच्याकडं. माझ्याकडं का, तर पर्मनंट लोकांनी नको म्हटलेलं आणि गेस्टला नको म्हणता येत नाही. सेल म्हणजे एक फाईल आणि भिंतीवर एक बोर्ड. फाईलमध्ये कॉलेज तपासायला येणाऱ्या नॅकला दाखवायला काढलेला रॅम्पचा फोटो. त्या रॅम्पबद्दल सांगतेच, नियमानं एक फूट उंची चढायची तर बारा फूट लांबी पायजे, आमचा इतका उभा की अटेंडर पाण्याचा कॅन घेऊन जाताना पण पायऱ्यांनीच जातो.

तर सर्टिफिकेट. खरं सांगते, त्या दिवशी मलाही वाटलं की ऑफिसवाले म्हणतात ते बरोबरच असणार. आपल्याकडं बॉर्डरवर हे अंगवळणी पडलंय ना, रेशन तिकडचं, आधार इकडचं, जातीचा दाखला चालतो का नाही ते विचारून घे. पोराला म्हटलं बघूया, दोन दिवस दे. रात्री घरी बसून कायदा उघडला, दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे, पीडीएफ फुकट मिळतं. पहिल्या पंधरा पानात झोप आली. कलम ५८ ला आले आणि उठून बसले, उपकलम ३ मध्ये सरळ एक ओळ आहे की हे सर्टिफिकेट अख्ख्या देशात चालतं. एवढंच. कुठलं राज्य, कुठला जिल्हा, काही भानगड नाही. आणि पोराकडं तर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र पण होतं, ते केंद्राचंच असतंय, त्यावर कोल्हापूर छापलं असलं म्हणून ते काय कोल्हापूरच्या हद्दीत संपत नाही.

दुसऱ्या दिवशी त्या पानाची झेरॉक्स काढली, ओळीवर पिवळा मार्कर मारला आणि गेले. एफडीएनं वाचलं, आत सुपरिंटेंडेंटना दाखवलं, बाहेर येऊन म्हणाला चालतंय, पण लेटर द्या. भांडण नाही काही नाही. मी भांडायची तयारी करून गेलेले त्यामुळं जरा पोपटच झाला. नंतर कळलं की त्या माणसाला कुणी कधी ते कलम दाखवलंच नव्हतं. आधीच्या सेलवाल्यांनी नाही, युनिव्हर्सिटीनं नाही. त्याच्या टेबलावर जे आधीपासून चालत आलं ते तो सांगत होता.

इथं खरा धडा दिला तो अटेंडर मामांनी. लेटर द्यायला निघाले तर म्हणाले, मॅडम एकच कॉपी? दोन काढा, एकावर इनवर्ड नंबर आणि शिक्का मारून घ्या, पोच नसली की लेटर दिलंच नव्हतं असं होतंय इथं. तेव्हापासून तीन वर्षं मी जे जे दिलं त्याची पोच घेतली. शेवटी माझ्याकडं पोच पावत्यांचीच एक वेगळी फाईल झाली, सेलच्या फाईलपेक्षा जाड.

आता माझी चूक सांगते. पोराला आरपी होतं, रेटिनायटिस पिग्मेंटोसा. मी गुगल केलं, दृष्टी कमी होत जाते एवढं वाचलं आणि ठरवून टाकलं की याला मोठ्या अक्षरात पेपर द्यायचा. पहिल्या इंटर्नल टेस्टला स्वतःच्या पैशानं क्वेश्चन पेपर ए-थ्रीवर मोठा करून आणला, केवढी ती हौस. पोरगा काही बोलला नाही, घेतला. अर्ध्या तासानं बघते तर तो कागद डोळ्यासमोर धरून डावीकडनं उजवीकडं मान फिरवतोय, परत ओळीच्या सुरवातीला येताना ओळच हरवतेय, बोटानं शोधतोय. टेस्ट संपल्यावर विचारलं, काय झालं रे? म्हणाला, "मॅडम, मला पाईपातनं बघितल्यासारखं दिसतंय. अक्षर मोठं केलं की पाईपात दोनच अक्षरं मावतात. साधाच पेपर द्या, फक्त काळा ठळक प्रिंट आणि खिडकीजवळची जागा द्या."

मला इतकी लाज वाटली ना. ज्याला कडेचं दिसत नाही, मधलंच दिसतंय, त्याला मोठं अक्षर म्हणजे उलट त्रास. आणि हे त्यानं आधी का सांगितलं नाही तर मी विचारलंच नव्हतं, आणि मॅडमनी एवढं केलंय तर कसं नको म्हणायचं. त्याला लागत होतं काय, तर उजेड. संध्याकाळी, ढगाळ दिवशी, नाहीतर आमच्या त्या मागच्या खोल्यांत ट्यूब लुकलुकतात तिथं त्याला जवळजवळ काहीच दिसत नसे. एक टेबल लॅम्प आणि खिडकी. ए-थ्रीच्या झेरॉक्सपेक्षा स्वस्त.

दुसरी लाज माझ्या नोट्सची. लायब्ररीच्या एका कंप्युटरवर एनव्हीडीए टाकून घेतलं, स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, पूर्ण फुकट आहे, मराठी आवाज पण त्यात येतोय, जरा यंत्रासारखा बोलतो पण सवय होते. लॅबवाल्या सरांना वाटलं व्हायरस येईल, त्यांना समजवण्यात आठवडा गेला ते सोडा. पोरगा बसला, हेडफोन घातला, माझ्या नोट्सची फाईल उघडली आणि हसायला लागला. मला ऐकवलं. कंप्युटर "डीएच के एल स्लॅश डॉट" असलं काहीतरी बडबडत होता. कारण मी दहा वर्षांपूर्वी त्या नोट्स जुन्या श्रीलिपीत टाईप केलेल्या, दिसायला मराठी पण आत इंग्रजी अक्षरांचा काला. युनिकोड नसेल तर स्क्रीन रीडरला ते मराठी आहे हेच कळत नाही. आणि डिपार्टमेंटमधल्या बाकीच्यांच्या नोट्स म्हणजे पुस्तकाच्या पानांचे मोबाईलनं काढलेले फोटो, ते तर त्याला कोऱ्या कागदासारखे. मग ते स्कॅन गुगल ड्राईव्हवर टाकून गुगल डॉक्समध्ये उघडायचे, मराठी अक्षरं बऱ्यापैकी ओळखून टेक्स्ट करून देतंय, जोडाक्षरात घोळ घालतं, ते बसून दुरुस्त करायचं. बीएच्या दुसऱ्या वर्षाच्या दोन पोरींनी हे काम वाटून घेतलं. एका सरांनी कॉपीराईटचा मुद्दा काढला, पुस्तक असं टेक्स्ट करून देता येत नाही म्हणे. आपल्याच कॉपीराईट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झालीय, दिव्यांगांना वाचता येईल अशा रूपात पुस्तक करून देणं गुन्हा नाही. त्याची पण झेरॉक्स, त्याची पण पोच.

दुसऱ्या वर्षी डोळे आणखी खाली गेले आणि रायटर लागणार हे नक्की झालं. सरकारी कागदावर लेखनिक म्हणतात, पण पोरं रायटरच म्हणतात. अर्जाचं काम सोपं, डॉक्टरचा दाखला, हॉल टिकेटची कॉपी, प्रिन्सिपॉलची सही. माणूस मिळणं अवघड. केंद्राच्या तेव्हाच्या, २९ ऑगस्ट २०१८ च्या गाईडलाईन्समध्ये होतं की विद्यार्थ्यानं स्वतःचा रायटर आणला तर तो त्याच्यापेक्षा एक पायरी खालचं शिकलेला असावा, म्हणजे डिग्रीवाल्याला पीयूसीचा, तिकडच्या अकरावी-बारावीचा. आता आमची अडचण बघा. याचे काही पेपर इंग्रजीत लिहायचे आणि मराठीचा पेपर मराठीत. बेळगावात पीयूसीची इंग्रजी मीडियमची पोरं ढीग आहेत, पण देवनागरी लिहायची म्हटली की हात थांबतो, घरात मराठी बोलतात पण लिहायला येत नाही. मराठी शाळेतनं आलेल्या पोरांना मराठी झकास, इंग्रजी डिक्टेशन घ्यायचं म्हटलं की घाम. मी शहापूर, वडगाव, अनगोळ, जिथं जिथं ओळख होती तिथं फोन लावले. एक पोरगा मिळाला तर त्याची आई म्हणाली, त्याचा स्वतःचा अभ्यास बुडंल की ओ, आणि तिचं चूक कुठं होतं.

मग परत गाईडलाईन्स वाचायला घेतल्या आणि त्यातच सापडलं, वेगवेगळ्या पेपरांना, विशेषतः भाषांच्या, वेगवेगळे रायटर घेता येतात, फक्त एका विषयाला एकच. ज्यानं कुणी ती ओळ लिहिली त्यानं नक्की आमच्यासारख्या गावात दिवस काढले असणार. मराठीला वडगावची एक पोरगी मिळाली, पीयूसी सेकंड इयर, अक्षर मोत्यासारखं. इंग्रजीला टिळकवाडीचा एक पोरगा.

पण रायटर मिळाला म्हणजे झालं असं नसतंय. पहिल्या रविवारी दोघांना समोरासमोर बसवलं तर पोरगी त्याचं वाक्य ऐकून स्वतःच्या मनानं सुधारून लिहीत होती, हुशार ना ती. तो म्हणाला, ताई मी बोललो तेच लिही, चुकलं तर माझं चुकू दे. ती म्हणाली पण ते वाक्य बरोबर नाहीय. अर्धा तास याच्यावरच वाद. मग ठरलं, तिनं प्रश्न दोनदा वाचायचा, तो सांगेल तेव्हाच लिहायला सुरू करायचं, पॅरा संपला की वाचून दाखवायचा, आणि वेलांटी-उकाराची शंका आली की त्यालाच विचारायचं, पहिली का दुसरी. शेवटी शेवटी तर तो "दुसरी वेलांटी, पुढं" असं न थांबता सांगायचा. चार रविवार गेले त्यात. गाईडलाईन्स म्हणायच्या परीक्षेच्या दोन दिवस आधी रायटरला भेटायला द्या. दोन दिवसात नावं पाठ होतात फक्त.

मधेच २०२२ चा डिसेंबर. सीमाभागाचं वातावरण तापलं, दगडफेक झाली, एस्टीनं कर्नाटकात येणाऱ्या गाड्या थांबवल्या. आमची इंटर्नल टेस्ट त्याच आठवड्यात. पोराचा सकाळी फोन, मॅडम गाडीच नाहीय. डोळस पोरं शिनोळीपर्यंत कुणाच्या बाईकवर आली, तिथनं चालत, वडापनं, कशी पण पोचली. हा कसा येणार? त्या दिवशी एका सहकाऱ्यांनी जे म्हटलं ते मला अजून खुपतंय, "सगळ्यांना सारखा नियम मॅडम, आज याला सूट दिली तर उद्या सगळे मागतील." सारखा नियम. बरं. मी लेटर लिहिलं, टेस्ट आठ दिवसांनी परत घेतली, प्रिन्सिपॉल सरांनी सही केली एक शब्द न बोलता, त्यांचं हे एक मला आवडायचं.

युनिव्हर्सिटीच्या परीक्षेला मात्र घाबरले होते. तीन तासाच्या पेपरला एक तास जास्तीचा, तासाला वीस मिनिटं असा हिशोब आहे. रायटरला वाचून दाखवावं लागतं, बोलावं लागतं, म्हणून वेगळी खोली, आम्हाला मिळाली ती स्पोर्ट्स रूम, कोपऱ्यात कॅरमबोर्ड आणि फाटकी नेट. तीन तास झाले, घंटा झाली, बाकी कॉलेज रिकामं. तेवढ्यात कॉपी पकडणारा स्क्वाड आला. बाहेरच्या कॉलेजातले दोघं, त्यांना ही खोली माहितीच नव्हती, आवाज ऐकून आत आले आणि बघतात तर एक पोरगी लिहितेय, एक पोरगा सांगतोय, वेळ संपलेली. पोरीच्या हातातला पेपर ओढायला हात पुढं केला त्यातल्या एकानं. पोरगी रडायच्या बेताला. आमचा पोरगा शांत, म्हणाला, सर टेबलावर डाव्या हाताला परवानगीचं लेटर आहे, त्यावर वेळ लिहिलीय. लेटर होतं, शिक्का होता, वेळ होती. त्यांनी वाचलं, सॉरी म्हणाले, गेले. पण त्यात सात-आठ मिनिटं गेली ती गेलीच, मी मागितली, चीफ सुपरिंटेंडेंटनी पाच दिली. दुसऱ्या पेपरपासून मी लेटरची कॉपी दाराला बाहेरनं चिकटवली.

त्याच वर्षात खानापूरकडनं एक पोर आली, कानानं कमी ऐकू येणारी, दोन्ही कानांना मशीन. तिचं वेगळंच. ओठ बघून समजून घ्यायची सवय, पण घर मराठी, शाळा मराठी, तिला मराठी ओठ वाचता येतात. आमच्या वर्गात सर एक वाक्य इंग्रजीत सुरू करतात, मधे कन्नडात जातात, पोरांना समजलं नाही वाटलं की मराठीत संपवतात. बाकीच्यांना ती मजा, हिला ते वाक्य तीन तुकड्यात तुटलेलं. मोबाईलवर बोललेलं लिहून दाखवणारं गुगलचं ॲप लावून बघितलं, एका भाषेत नीट चालतंय, आमच्या सरांच्या खिचडीपुढं त्यानं पण हात टेकले. तिला विचारलं (आता विचारायला शिकले होते) काय पायजे, तर म्हणाली, फळ्याकडं तोंड करून बोलू नका एवढं सांगा, आणि उद्या काय शिकवणार त्याचे मुद्दे आज द्या. दोन गोष्टी. एक सर विसरायचे, फळ्याकडं वळले की पहिल्या बेंचवरच्या पोरी पेन वाजवायच्या, मग ते ओशाळून वळायचे. मुद्दे व्हॉट्सॲपवर यायला लागले तसा अख्खा वर्गच ते वाचून यायला लागला. पावसाळ्यात मात्र ती हमखास आठवडा गायब, खानापूरच्या पावसात ओल धरून मशीनच बंद पडायचं, आई तांदळाच्या डब्यात घालून ठेवायची. ती हजेरी भरून घेताना मला जेवढा त्रास झाला तेवढा सर्टिफिकेटला पण नाही.

एकाचं जमलं नाही ते पण लिहिते. हुशार पोरगा, बोलायला लागला की ऐकत राहावं, लिहायला बसला की पान रिकामं, अक्षरं उलटसुलट, हात दुखून यायचा. कुठलं सर्टिफिकेट नाही. अपंगत्व चाळीस टक्क्यांच्या खाली असलं किंवा अशी लिहिण्याची अडचण असली तरी रायटर मिळू शकतो, सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये यूपीएससीच्या एका केसमध्ये तसं म्हटलं आणि १० ऑगस्ट २०२२ ला केंद्रानं त्याचे नियम पण काढले. मी ते सगळं घेऊन त्याच्या घरी गेले. वडील म्हणाले, आमच्या पोराला अपंगाचा शिक्का नको, उद्या लग्नाचं बघायचंय. पोरगा खाली बघत बसलेला. तिसऱ्या सेमिस्टरला बॅकलॉग राहिले, नंतर उद्यमबागेत कामाला लागला असं ऐकलं. मी अजून जास्त जोर लावायला पायजे होता की नको होता, मला अजून ठरवता आलेलं नाही.

२०२४ ला आमचा चंदगडचा पोरगा पास झाला, फर्स्ट क्लास. बाबा परत आले, तीच पिशवी, यावेळी त्यात काजू, त्यांच्या बांधावरचे. ऑफिसमध्ये पण देऊन आले, त्या एफडीएला पण. एफडीए आता नवीन पोरं आली की स्वतःच सांगतो, यूडीआयडी असेल तर कुठल्या पण राज्याचं चालतंय, आणि मराठीत सांगतो.

पोरगा एमएला पलीकडं महाराष्ट्रात गेला. ॲडमिशनच्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला, मागं ऑफिसचा गोंगाट. म्हणाला, "मॅडम, इथं सर्टिफिकेट चाललं, पण मार्कशीट बघून म्हणतात हे कर्नाटकाचं आहे." मी कपाळावर हात मारला, म्हटलं मग रे आता? तर हसत म्हणाला, "मायग्रेशन सर्टिफिकेट आणलंय की मी. ते दिलं. आणि रायटरचा अर्ज पण आजच दिला, दोन कॉपीत. थांबा हं मॅडम, शिक्का मारून देऊलालेत."